सोलापुरात उन्हाळी नाट्यशिबिराला जाताय? नाव घालण्यापूर्वी हे वाचा

परीक्षा संपत आल्या की सोलापुरात कॉलेजांच्या नोटीस बोर्डांवर आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहिराती दिसायला लागतात. अभिनय कार्यशाळा, नाट्यप्रशिक्षण शिबिर, रंगभूमीची ओळख अशी नावं वेगवेगळी असतात, पण आत काय शिकवणार हे फारसं कुणी लिहीत नाही. मी याच गावात कॉलेजात असताना अशा शिबिरांतून नाटक शिकले आणि आता उन्हाळ्यात शिबिरांच्या आयोजनात मदत करते. नव्याने येणारी मुलं-मुली दरवर्षी त्याच ठिकाणी अडखळतात, म्हणून हे सगळं एकत्र लिहितेय.

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नाटक हाताने शिकायचं काम आहे. महिनाभर व्याख्यानं ऐकून जे कळत नाही, ते एका संध्याकाळी फ्लॅट (लाकडी चौकटीवर कापड ताणून केलेली सेटची भिंत) उचलून, दिवा टांगून किंवा विंगेत संहिता धरून बसल्यावर कळतं. म्हणून शिबिर निवडताना तिथे तुमच्या हाताला काय काम मिळणार, हे बघा.

१. कसलं शिबिर हवंय ते ठरवा

ढोबळमानाने तीन प्रकार असतात. पहिलं कॉलेजच्या सांस्कृतिक विभागाचं. फी नाममात्र, मुलं एकाच वयाची, आणि पुढच्या युवा महोत्सवाची टीम बरेचदा इथूनच निवडली जाते. दुसरं हौशी नाट्यसंस्थेचं. इथे बँकेत नोकरी करणारे काका, शाळेतल्या बाई, कॉलेजची पोरं सगळे एकत्र असतात आणि नजर राज्य नाट्य स्पर्धेवर असते. तिसरा प्रकार खासगी क्लासचा. त्यात कॅमेऱ्यासमोरचा अभिनय, ऑडिशनची तयारी असं जास्त असतं.

अगदी नवखे असाल तर पहिल्या दोनपैकी एक घ्या आणि शेवटी प्रयोग होणार असेल तरच घ्या. प्रयोगाची तारीख ठरलेली असली की सगळ्यांना कामाला लागावंच लागतं. तारीख नसलेलं शिबिर बहुधा थिएटर गेम्सवर सुरू होतं आणि थिएटर गेम्सवरच संपतं.

हौशी संस्थेतून कुठपर्यंत जाता येतं असं घरचे विचारतात. अतुल कुलकर्णी सोलापुरातच शाळेत शिकले, इथल्या नाट्य आराधना या हौशी संस्थेत काम केलं आणि नंतर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जाऊन १९९५ मध्ये तिथून बाहेर पडले. सगळ्यांचं तसं होईल असं नाही. पण हौशी म्हणजे कच्चं असा जो समज आहे, तो काढून टाका.

२. चौकशी फेब्रुवारी-मार्चमध्येच करा

एप्रिल उजाडल्यावर धावपळ करणाऱ्यांना उरलेल्या जागा मिळतात. तुम्ही ज्या कॉलेजात आहात तिथल्या सांस्कृतिक विभागप्रमुखांना आधी भेटा. तुमच्याकडे काही होत नसेल तर संगमेश्वर, दयानंद, वालचंद अशा कॉलेजांतल्या ओळखीच्या विद्यार्थ्यांकडे विचारा. बाहेरच्या मुलांना घेतात का, हे तिथेच कळेल. हिराचंद नेमचंद वाचनालयात चक्कर मारा. आणि हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात एखादा हौशी प्रयोग असेल तर तिकीट काढून बघाच. प्रयोग संपला की विंगेकडे जाऊन कलाकारांना भेटायचं आणि सरळ विचारायचं, 'उन्हाळ्यात तुमच्याकडे शिबिर असतं का?' जाहिरातीपेक्षा ही माहिती खात्रीची असते, कारण ज्यांच्याकडे शिकणार त्यांचं काम तुम्ही नुकतंच डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

(१२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्या स्मरणार्थ या नाट्यगृहाला 'हुतात्मा स्मृती मंदिर' हे नाव आहे. त्या रंगमंचावर उभं राहणाऱ्या प्रत्येक सोलापूरकराला ही चार नावं पाठ असावीत असं मला मनापासून वाटतं.)

चौकशी करताना हे प्रश्न विचारा:

- शिकवणार कोण? त्यांचं नाटक अलीकडे कुठे झालं?
- एका बॅचमध्ये किती जण? तीसच्या वर असतील तर एकच शिक्षक पुरत नाही.
- शेवटचा प्रयोग कुठे होणार? हॉलमध्ये की खऱ्या रंगमंचावर?
- नेपथ्य, प्रकाश, संगीत, रंगभूषा यांचं काम विद्यार्थी करणार की बाहेरून माणसं आणणार?
- कपडेपट आणि सेटचा खर्च फीमध्ये धरलाय का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. 'ते आमची माणसं बघतात, तुम्ही फक्त अभिनय करा' असं कुणी म्हणालं तर दुसरं शिबिर शोधा.

३. हे सापळे ओळखा

मालिकेत काम देतो असं सांगून घेतलेली फी. यात दरवर्षी मुलं अडकतात. शिबिर कुणालाही मालिकेत काम मिळवून देत नाही. पोर्टफोलिओसाठी अमुकच फोटोग्राफरकडे जा, इतके हजार भरा, असं पहिल्या दिवशी सांगितलं तर घरी परत या. नाटक शिकायला पोर्टफोलिओ लागत नाही.

माझ्या ओळखीच्या एका मुलीने एका शिबिराला पूर्ण फी आगाऊ भरली, पावती घेतली नाही, आणि शिबिर चार दिवसांत गुंडाळलं गेलं. पैसे परत मागायला हातात काहीच नव्हतं. दोन हप्ते मागा आणि प्रत्येक वेळी पावती घ्या. संस्था नोंदणीकृत असेल तर पावतीवर नोंदणी क्रमांक असतो.

प्रमाणपत्राचंही नीट समजून घ्या. शिबिराचं प्रमाणपत्र म्हणजे पदवी किंवा पदविका नव्हे. पुढे नाट्यशास्त्राला प्रवेश घ्यायचा असेल, पुण्याचं ललित कला केंद्र असो, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स असो की छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, तिथे त्यांची स्वतःची प्रवेशप्रक्रिया असते. पण तुम्ही कोणत्या नाटकात काय काम केलं याचा पुरावा म्हणून ते कामी येतं. म्हणून प्रमाणपत्रावर नुसतं 'सहभाग' असं न लिहिता नाटकाचं नाव आणि तुमचं काम लिहून घ्या: अभिनय, प्रकाश साहाय्य, रंगमंच व्यवस्था, जे केलं असेल ते.

मुलींसाठी आणि मुलींच्या पालकांसाठी: तालमी कुठे होतात ती जागा आधी बघून या. तालमीला किमान एक जबाबदार महिला हजर असते का, स्वच्छतागृह आहे का, रात्री किती वाजता सोडतात, हे विचारण्यात संकोच करू नका. असे प्रश्न ज्यांना खटकतात त्यांच्याकडे शिकायला जाऊ नये. एकट्यानेच, एखाद्याच्या घरी 'खास तालमी'ला बोलावलं तर स्पष्ट नाही म्हणायचं आणि आयोजकांच्या कानावर घालायचं. अभिनयाच्या सरावात अंगाला हात लावण्याची गरज पडली तर शिक्षकाने आधी विचारायला हवं. हा नियम मुलगे-मुली दोघांनाही लागू आहे.

४. कागदपत्रं आणि पिशवीतलं सामान

कागदपत्रं एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा:

- कॉलेजचं ओळखपत्र किंवा बोनाफाईड
- आधार कार्डाची प्रत
- पासपोर्ट आकाराचे फोटो, चार असू द्या
- १८ पूर्ण नसतील तर पालकांचं सहीचं संमतीपत्र
- घरच्या दोघांचे फोन नंबर. दमा, फिट, अॅलर्जी असं काही असेल तर त्याची चिठ्ठी
- फीची पावती

पिशवीत: जाड वही, पेन्सिल आणि खोडरबर (संहितेवर पेन चालवू नका, हालचाली रोज बदलतात), सैल सुती कपडे, पंचा किंवा चटई, दोन लिटरची पाण्याची बाटली. दुसऱ्या आठवड्यापासून यात मेजर टेप, खडू, मास्किंग टेप, सेफ्टी पिना, सुई-दोरा, सुतळी आणि छोटा टॉर्च टाका. काळा टी-शर्ट आणि काळी पँटही लागेल; बॅकस्टेजचा माणूस अंधारात दिसता कामा नये.

५. ऊन आणि येणं-जाणं

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. पत्र्याच्या हॉलमध्ये दुपारी तालीम ठेवणारं शिबिर नकोच. सकाळी सात ते दहा किंवा संध्याकाळी पाचनंतर, हीच वेळ योग्य. भरल्या पोटी शरीराचे व्यायाम जमत नाहीत आणि रिकाम्या पोटी भोवळ येते. दोन तास आधी भाकरी-ताक असं हलकं खाऊन या. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे हॉलवर पिण्याच्या पाण्याची सोय असेलच असं धरून चालू नका.

अक्कलकोट, मोहोळ, बार्शी, मंगळवेढ्याहून येणाऱ्यांनी शेवटच्या एसटीची वेळ पहिल्याच दिवशी दिग्दर्शकाला सांगून ठेवा. सुट्टीत विद्यार्थी पास चालतो का, ते आगारात विचारा. मुलींना तिकिटात २०२३ पासून ५० टक्के सवलत आहेच. रंगीत तालीम आणि प्रयोगाच्या दिवशी मात्र उशीर होणारच, त्या दोन रात्री गावातल्या मैत्रिणीकडे किंवा नातेवाइकांकडे राहायची सोय आधीच करून ठेवा.

६. पहिला आठवडा: आवाज, भाषा, शरीर

पहिल्या आठवड्यात संहिता हातात मिळत नाही म्हणून काही जण कंटाळून येणं सोडतात. तसं करू नका. या दिवसांत जे अंगात बसतं ते नंतर बसवायला वेळ मिळत नाही.

आवाजाचं सांगते. पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली मुलं शिबिरात आली की शिक्षक खूश होतात, कारण आवाज मोठा असतो. पण तो घशातून येतो, आणि तिसऱ्या दिवशी बसतो. मोठ्याने बोलणं आणि आवाज फेकणं यांत फरक आहे. पाठीवर झोपा, हात पोटावर ठेवा, श्वास घेताना पोट वर आलं पाहिजे, छाती नव्हे. त्याच श्वासावर आधी ओठ मिटून गुणगुणा, मग 'आ', मग एक वाक्य. हॉलच्या शेवटच्या रांगेत मित्राला बसवा आणि त्याच्याशी साध्या गप्पा मारा, ओरडायचं नाही. त्याला वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू येतो का, ते विचारा. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी असतं आणि नेमका तिथेच नवख्यांचा श्वास संपतो. प्रेक्षकाला 'मी उद्या तुझ्या घरी' एवढंच कळतं, येणार की येणार नाही ते विंगेतच राहतं.

भाषेबद्दल मला कळकळीने सांगायचंय. सोलापुरात कितीतरी मुलांच्या घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलतात. अशी मुलं मराठी नाटकात मागे मागे राहतात, आपले उच्चार चुकतील म्हणून. तुम्ही पुढे या. 'चार' आणि 'चाक' यांतला च वेगळा, 'ळ' आणि 'ल' वेगळा, हे रोज दहा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचून सुधारतं. उलट तीन भाषांचा कान असलेल्या नटाला पात्राचा लहेजा पटकन पकडता येतो. आपल्या बोलण्यातला तो शेवटचा 'की' पुसून टाकायची घाई करू नका. पात्र पुण्याचं असेल तेव्हा पुण्याचं बोला, सोलापूरचं असेल तेव्हा सोलापूरचं. दोन्ही येणं म्हणजे शिकणं.

शरीरासाठी जे खेळ घेतात, म्हणजे आरशासारखं समोरच्याची हालचाल करणं, डोळे बांधून चालणं, गोठून उभं राहणं, ते पोरखेळ वाटतात. त्यातून समोरच्याकडे लक्ष देण्याची सवय लागते. तेवढी लागली तरी आठवडा सत्कारणी लागला.

७. बॅकस्टेज मागून घ्या

भूमिका वाटल्या जातात तेव्हा निम्म्यांची तोंडं उतरतात. माझा आग्रह आहे की पहिल्या शिबिरात तुम्ही स्वतःहून एक बॅकस्टेजचं काम मागावं, भूमिका मिळाली असली तरीही.

प्रॉम्प्टिंग (नट अडला की विंगेतून वाक्य सुचवणं) आणि संहितेची प्रत सांभाळणं, हे सुरुवातीला सगळ्यात जास्त शिकवणारं काम. संहितेच्या डाव्या कोऱ्या पानावर रंगमंचाचा चौकोन काढायचा आणि प्रत्येक हालचाल पेन्सिलने बाणाने दाखवायची. उजवी-डावी नेहमी नटाची, प्रेक्षकाकडे तोंड करून उभं राहिल्यावर जी येते ती. दिवे आणि संगीताचे क्यू, म्हणजे ते कोणत्या वाक्याला सुरू-बंद करायचे त्या खुणा, शेजारी. अशी एक प्रत पूर्ण केलीत की दिग्दर्शक नटाला इथून तिथे का हलवतो, ते तुम्हाला न सांगता कळायला लागतं.

नेपथ्याचं काम खडूपासून सुरू होतं. रंगमंचाचं माप घ्यायचं आणि तालमीच्या फरशीवर तेवढाच चौकोन आखायचा. दार इथे, तीन फूट. खिडकी तिथे. पलंग सहा बाय चार. टेबलाच्या जागी दोन खुर्च्या. पहिले दोन दिवस सगळे आखलेल्या भिंतींतून आरपार चालतात आणि कोपऱ्यातून कुणीतरी ओरडतं, 'अरे, भिंतीतून आलास की!' तिसऱ्या दिवशी नट रेघेपाशी थांबतो, हात पुढे करून नसलेली कडी काढतो आणि मग आत येतो. खडू पुसला जातो म्हणून नंतर मास्किंग टेप लावायची. फ्लॅट आपल्याच हाताने बनवायचे असतील तर लाकडी चौकटीला कापड ताणून खिळे मधून कडेला मारत जायचे, कडेपासून सुरू केलं तर कापडाला चुण्या पडतात. जाड पडद्यासाठी बाजारात जाण्यापूर्वी घराघरांतल्या जुन्या सोलापुरी चादरी जमवा. दुहेरी शिवून गडद रंगवल्या की उजेड आरपार येत नाही.

दिव्यांना हात लावण्याआधी हिशोब शिका. नाटकातले जुने पार आणि पीसी (रंगमंचावरच्या दिव्यांचे दोन प्रकार) बरेचदा १००० वॅटचे असतात. २३० व्होल्टवर असा एक दिवा साधारण साडेचार अँपिअर घेतो. कॉलेजच्या हॉलमधला नेहमीचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो, म्हणजे त्यावर एकच दिवा. दोन लावले की वायर तापते. मोठा १६ अँपिअरचा सॉकेट असेल तर तीन, तेही वायर त्या जाडीची असेल तर. एलईडी दिव्यांना खूप कमी वीज लागते, पण त्यांची जोडणीही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. टांगलेल्या प्रत्येक दिव्याला सेफ्टी चेन हवीच. जिलेटिन पेपर (दिव्यापुढचा रंगीत कागद) बदलताना दिवा बंद करून थंड होऊ द्या; चालू दिव्याची चौकट भाजते. लेव्हलच्या (रंगमंचावरच्या उंच चौथऱ्याच्या) कडांना आणि पायऱ्यांना रेडियम टेपचे तुकडे लावा, नाहीतर ब्लॅकआऊटमध्ये कुणीतरी पडतंच.

रंगभूषा, कपडेपट, प्रॉपर्टी (नाटकात वापरायच्या वस्तू) यांचं एकच सांगते: यादी करा. कोणत्या प्रवेशात, कुणाच्या हातात, कोणत्या विंगेतून काय जातं. प्रॉपर्टीच्या टेबलावर कागद पसरून प्रत्येक वस्तूची जागा पेनने आखायची आणि वस्तू तिथेच परत यायला हवी.

८. वाचनापासून तिसऱ्या घंटेपर्यंत

क्रम साधारण असा: वाचन, भूमिकांची वाटणी, ब्लॉकिंग (कुणी कधी कुठे हलायचं ते ठरवणं), पाठांतर, प्रवेशवार तालीम, सलग तालीम, तांत्रिक तालीम, रंगीत तालीम, प्रयोग.

वाचनाला कमी वेळ देणारे पुढे गोंधळतात. गोल बसून संहिता निदान तीनदा पूर्ण वाचा आणि प्रत्येक प्रवेशात माझ्या पात्राला समोरच्याकडून काय हवंय, हे एका ओळीत लिहा. पाठांतर ब्लॉकिंगसोबत करा. हालचालीबरोबर बसलेलं वाक्य विसरलं जात नाही. घरी आरशासमोर हावभाव ठरवून येऊ नका, तालमीत समोरचा वेगळं बोलला की ते सगळं कोसळतं.

तांत्रिक तालीम नटांसाठी कंटाळवाणी असते. तासभर एकाच जागी उभं राहायचं, दिवा वर-खाली होत राहतो. गप्प उभे राहा आणि बघा. आपल्या चेहऱ्यावर उजेड कुठे पडतो, हे त्वचेला लागणाऱ्या उबेवरूनही ओळखता येतं. पुढे प्रयोगात एक पाऊल मागेपुढे झालं तर तुम्हीच सावरून घ्याल.

प्रयोगाच्या दिवशी दोन-तीन तास आधी पोहोचा. मोबाइल बंद करून एकाच्या ताब्यात द्या. नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला की विंगेत बोलणं बंद.

९. शिबिर संपल्यावर पंधरा दिवसांत करायची कामं

प्रयोगाचं पत्रक, फोटो, तुमची संहितेची प्रत, प्रमाणपत्र हे सगळं एका फाइलमध्ये लावा. राष्ट्रीय नाट्य विद्यालयासारख्या ठिकाणी पदवीबरोबर नाटकांत प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव मागतात, आणि तीन वर्षांनी जुनी पत्रकं शोधून सापडत नाहीत.

जूनमध्ये कॉलेज उघडताच सांस्कृतिक विभागात नाव द्या. विद्यापीठ युवा महोत्सवात एकांकिकेला साधारण ३० मिनिटं, प्रहसनाला १० आणि मूकनाट्याला ५ मिनिटं असतात. त्या मापाच्या संहिता आत्तापासून वाचायला लागा. त्या वर्षाचे नियम विद्यापीठाच्या परिपत्रकातून तपासून घ्या, वयाची अट विशेषतः.

राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या संस्थेबरोबर काम करणार असाल तर दोन कागद आधी जमवावे लागतात: लेखकाचं परवानगीपत्र आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांचं सेन्सॉर बोर्ड) प्रमाणपत्र. दोन्हींना वेळ लागतो. संस्थेत नव्याने गेल्यावर हे काम मी करतो किंवा करते असं म्हणा. संहितेची स्वच्छ प्रत, अर्ज, लेखकाशी पत्रव्यवहार यांतून तुम्हाला नाटक कागदावर कसं उभं राहतं ते कळेल, आणि पुढच्या तालमीला तुम्हाला कुणी नवीन म्हणून वेगळं बसवणार नाही.